ऊसबिल, सात-बारा आणि साठ दिवस: वकील सहकाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय वकील बंधू-भगिनींनो,

गेल्या महिन्यात बाररूममध्ये चहा पीत बसले होते. शेजारच्या टेबलावर आपलाच एक ज्युनिअर पक्षकाराशी फोनवर बोलत होता. "अहो ताई, तो तात्पुरत्या पोटगीचा अर्ज आहे, त्याचं एवढं टेन्शन काय घेताय? खरी केस पुढेच आहे." फोन ठेवून तो माझ्याकडे बघून हसला, मीही हसले. घरी जाताना गाडीवर मात्र ते हसू टोचायला लागलं. ते वाक्य त्याने कुठून उचललं हे मला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं तो माझ्याच ऑफिसात होता.

म्हणून हे पत्र. जिल्ह्याच्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालयात आणि तालुक्याला वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे एचएमपी, म्हणजे हिंदू विवाह याचिका, चालवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना. खुलं ठेवलंय ते अशासाठी, की ज्यांच्या सह्या आपण वकीलपत्रावर घेतो त्यांनीही ते वाचावं. न्यायाधीशांना उद्देशून लिहिणं सोपं होतं. उशीर झाला की डायसकडे, म्हणजे न्यायाधीशांच्या आसनाकडे, बोट दाखवायचं, ही आपली जुनी सवय. पण माझ्या स्वतःच्या दप्तराचा हिशेब मांडायला बसले तेव्हा वाया गेलेले बरेचसे दिवस डायसच्या खाली, आपल्याच टेबलावर सापडले.

मुळात तो 'तात्पुरता' आदेश म्हणजे काय, ते आधी पक्षकारांसाठी सांगते. घटस्फोटाची याचिका लढतीची असेल तर आपल्याकडे चार-पाच वर्षं सहज जातात. तेवढ्या काळात बालवाडीतलं पोर तिसरी-चौथीत जातं. त्या वर्षांत दूध कोणाच्या पैशाने येणार, पोर कोणाकडे झोपणार, बाईला घरातून बाहेर काढता येईल का, वकिलाची फी ती कुठून देणार, हे सगळं अंतिम निकालात ठरत नाही. ते ठरतं याचिका प्रलंबित असताना होणाऱ्या अंतरिम आदेशात. अंतिम निकाल लग्न राहिलं की मोडलं ते सांगतो. मधली वर्षं कशी काढली ते अंतरिम आदेश सांगतो.

कायद्याने त्यासाठी दारं ठेवलेली आहेत, आणि ती बरीच आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ दाव्याचा खर्च आणि दरमहा रक्कम देतं. ते बायकोलाही मिळतं आणि नवऱ्यालाही, ज्याचं स्वतःचं उत्पन्न पुरेसं नाही त्याला. कलम २६ मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण बघतं. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम ३६. ख्रिस्ती बायकांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही नेमकं कलम ३६ च. धर्म कोणताही असो, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ सगळ्यांना ओळखीचं होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं. बायका अजून "एकशे पंचवीसची केस" असंच म्हणतात आणि म्हणू देत. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट अंतरिम आदेश देऊ शकतात, अगदी समोरचा हजर व्हायच्या आधीसुद्धा. घरात राहण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला तिथे हक्कच नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सरसकट ग्राह्य धरायचं नाकारलं. तरी आपल्यातले काही जण तो अजून त्याच आवाजात करतात.

आता साठ दिवसांकडे येते. २००१ मध्ये कलम २४ ला एक परंतुक, म्हणजे पुरवणी अट, जोडलं गेलं. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांच्या आत, शक्यतो, अर्ज निकाली काढावा. मुलांच्या पालनपोषणाच्या आणि शिक्षणाच्या अर्जालाही तेच लागू केलं. म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षं झाली. मी वकिलीला सुरुवात केली त्याच सुमाराची ही दुरुस्ती, म्हणून ती मला लक्षात आहे. आणि या एवढ्या वर्षांत साठ दिवसांत निकाली निघालेला लढतीचा अर्ज मी स्वतः एकदाच पाहिला. त्यात समोरचा वकील माझा वर्गमित्र होता आणि त्याला परदेशी जायची घाई होती. सगळं गेलं त्या 'शक्यतो'मध्ये. मराठीत 'शक्यतो' म्हणजे 'जमलं तर बघू', तसंच आपण ते वाचलं.

एक प्रकरण सविस्तर सांगते. शिवणकाम करणारी बाई, पदरात सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याकडे स्वतःचा पिकअप, घरची बागायत, वडील साखर कारखान्याचे सभासद. नवऱ्याने घटस्फोटाची याचिका लावली, पण आम्ही हजर होताच त्याने पत्ता बदलल्याचं सांगून अंग काढून घेतलं. आम्ही जून २०२२ मध्ये अंतरिम पोटगीचा अर्ज दिला. त्याच्या वकिलाने अर्जाची प्रत घ्यायचं नाकारलं म्हणून नोटीस काढावी लागली. पहिली परत आली, बेलिफाचा शेरा: "सदर इसम कामानिमित्त बाहेरगावी". दुसरी परत: "घरास कुलूप". साठ दिवस मोजायचे ते बजावणीपासून, म्हणजे जो नोटीस चुकवतो त्याच्यासाठी घड्याळ चालूच होत नाही. ऑक्टोबरात एकदाची बजावणी झाली. मग म्हणणं, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, द्यायला मुदत. मग पुन्हा मुदत, शंभर रुपये खर्चावर. जानेवारीत प्रकरण मध्यस्थीला गेलं, एप्रिलमध्ये "तडजोड झाली नाही" असा कागद आला. मे महिना सुट्टीचा. जूनमध्ये न्यायाधीश साहेबांची बदली. जुलैमध्ये म्हणणं आलं, पण सोबत मालमत्तेचं शपथपत्र नाही. त्यावर पुन्हा दोन तारखा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आदेश झाला: तिला दरमहा ६,०००, मुलाच्या शिक्षणासाठी ३,०००, अर्जाच्या तारखेपासून.

सतरा महिने. त्या सतरा महिन्यांत मुलाची फी थकली आणि दुसरीच्या मध्यावरच त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढून झेडपीच्या शाळेत घालावं लागलं. ती शाळा काही वाईट नव्हती, तिथल्या गुरुजींनी त्याला पाढे पाठ करून घेतले आणि पोर रमलं, हे खरं. पण तो निर्णय ना आईने घेतला, ना बापाने, ना न्यायालयाने. आदेशात शिक्षणाचे तीन हजार आले ते ज्या शाळेच्या फी-पावतीवरून काढले होते, त्या शाळेचा गणवेश तोवर मुलाला आखूड झाला होता. आदेशाची प्रत तिला वाचून दाखवताना त्या ओळीवर मी अडखळले. ती म्हणाली, "असू दे मॅडम, लिवलंय तर लिवलंय."

समोरच्या बाजूचंही ऐका, कारण तिथेही आपलेच एक बंधू होते. त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, तारखा काढू, काही होत नाही. नोव्हेंबरात त्याच्या डोक्यावर एकदम १,५३,००० ची थकबाकी पडली. साधा गुणाकार आहे, सतरा गुणिले नऊ हजार. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगून टाकलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यायची. त्याआधी कुठे अर्जाची तारीख, कुठे आदेशाची, असा गोंधळ होता आणि तारीख लांबवण्यात नवऱ्याचा फायदा असायचा. आता तो फायदा उरलेला नाही. आता प्रत्येक मुदतअर्ज म्हणजे पक्षकाराच्या खात्यावर आणखी एका महिन्याचं कर्ज. हे त्याला कोणी सांगितलंच नाही. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला होता, "मॅडम, मला वाटलं केस थांबलीय म्हणजे पैसेबी थांबलेत."

ते रजनेशचं प्रकरण आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून दिल्लीला गेलं होतं, हे तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे? बाईने अंतरिम पोटगीचा अर्ज सप्टेंबर २०१३ मध्ये दिला. ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश झाला: तिला १५,०००, मुलाला आधी ५,००० आणि पुढे १०,०००. नवरा उच्च न्यायालयात गेला, २०१८ मध्ये हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला तेव्हा त्या 'तात्पुरत्या' अर्जाला सात वर्षं उलटून गेली होती. बहुधा म्हणूनच त्यांनी त्या निकालात एवढे बारीक नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. म्हणणं आणि शपथपत्र चार आठवड्यांत. त्यासाठी दोनपेक्षा जास्त संधी नाहीत. मुद्दाम टाळाटाळ केली तर बचाव काढून टाकण्यापर्यंत मजल. शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत कारणांसह आदेश. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला दुसऱ्या एका प्रकरणात पुन्हा सांगावं लागलं की हे नियम खालच्या न्यायालयांत पाळले जात नाहीत. म्हणजे माझ्या पक्षकाराचा आदेश झाला त्याच महिन्यात. असो.

माझ्या जिवाला लागलेली गोष्ट म्हणजे ते शपथपत्र, आणि पत्राचा बराचसा भाग मी त्यालाच देणार आहे.

आपल्या बारमध्ये शपथपत्राचा एक नमुना फिरतो. कोणीतरी कधीतरी पुण्याहून आणला, त्याची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, असा तो आता वाचता न येण्याइतका फिका झालाय. तो नोकरदारासाठीचा नमुना आहे. पगार किती, कपात किती, मालक कोण. आपले निम्मे पक्षकार कृष्णाकाठचे शेतकरी. ते पगाराच्या रकान्यापुढे 'निरंक' लिहितात आणि ते खरंच असतं. मालक? 'निरंक'. पान उलटतं, सगळं निरंक. शेवटी सही.

रजनेशच्या निकालाला जोडलेला दुसरा नमुना शेतकऱ्यांसाठी आहे, वेगळा, स्वतंत्र. तो किती जणांनी उघडून पाहिलाय? त्यात विचारलंय: जमीन एकूण किती, तुमचा हिस्सा किती, मालकीचा उतारा जोडा, जिरायत की बागायत, वर्षात कोणती पिकं घेतली, गेल्या तीन वर्षांत जमिनीतून उत्पन्न किती, कोणाची जमीन कसायला घेतलीय का, म्हशी-गाई-शेळ्या-कोंबड्या किती, कर्ज किती. आपल्या गावाकडच्या माणसाने लिहावा तसा तो कागद आहे. हा नमुना भरून घेतला की 'निरंक' लिहायला जागाच उरत नाही.

वर ज्या पिकअपवाल्याचं सांगितलं, त्याच्या म्हणण्यात उत्पन्न निरंक होतं आणि त्याच्याच खातेउताऱ्यात गाडीचा हप्ता दरमहा ६,८०० कापला जात होता. हप्ता जातोय म्हणजे पैसा कुठूनतरी येतोय. जमीन वडिलांच्या नावावर, हे आपल्या भागातलं सगळ्यात जुनं उत्तर. पण सात-बारावर आजोबांपासूनचे फेरफार काढले की वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित ते दिसतं. ऊस कारखान्याला गेला की बिल सभासदाच्या बँक खात्यात येतं. ते खातं वडिलांचं असेल, पण त्याच खात्यातून ट्रॅक्टरचं डिझेल आणि नातवाची फी गेलेली दिसते. दूध डेअरीला घातलं की दहा दिवसांचं बिल निघतं. बिल आईच्या नावावर, आणि किटली रोज सकाळी मुलगा डेअरीवर नेतो, हे अख्ख्या गावाला माहीत असतं. आता हे सगळं वडिलांचं उत्पन्न आहे, त्यातून मुलाच्या बायकोला पोटगी कशी, हा युक्तिवाद तुम्ही जरूर करा, तो पोकळ नाही. पण तो कागद समोर ठेवून करा. कागदच द्यायचा नाही आणि मग "उत्पन्न सिद्ध झालं नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही. मी स्वतः केलंय, तरी पटत नाही.

बायकांच्या बाजूनेही आपण हेच करतो, आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही. त्या शिवणकामवालीच्या पहिल्या मसुद्यात मी 'अर्जदार बेरोजगार' लिहिलं होतं. तिने स्वतःच मला थांबवलं. "मॅडम, मशीन आहे माझ्याकडं. महिन्याला तीन-साडेतीन मिळतात. सणाला जास्ती. बचतगटाचं कर्जबी फेडतेय." मी म्हटलं, लिहिलं तर पोटगी कमी होईल. खरं तर ती भीती खोटी आहे. बाई चार पैसे मिळवते म्हणून तिची पोटगी आपोआप बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. मिळकत पुरेशी आहे का आणि सासरी ज्या राहणीमानात ती होती त्याच्याशी जुळते का, एवढंच बघायचं असतं. आम्ही तीन हजार लिहिले. समोरच्याने उलट मशीनचा फोटो काढून आणला होता, धक्का द्यायच्या तयारीने. शपथपत्रात मशीन पाहिल्यावर त्याची पंचाईत झाली. खोटं शपथपत्र दिलं तर कारवाई होते, हे आपण युक्तिवादात ओरडून सांगतो. अर्जही देतो. प्रत्यक्षात त्याचा पाठपुरावा कितीदा करतो?

पुरुष पक्षकारांबद्दल एक. माझा एक पक्षकार होता, साधा, भिडस्त माणूस. बायको माहेरी गेल्यावरही तो मुलीची फी शाळेत जाऊन रोखीने भरायचा, सासरच्या गल्लीतल्या दुकानदाराला महिन्याचे किराण्याचे पैसे द्यायचा. पावती एकाचीही नाही. मी दीड वर्ष तारखा घेतल्या, चार मुदतअर्ज माझ्या सहीचे आहेत. आदेश अर्जाच्या तारखेपासून झाला तेव्हा त्यातला एक रुपयाही वजा करून घेता आला नाही. दुकानदार साक्षीला येईना. त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं: आदेशाची वाट बघू नका, जमेल ती रक्कम दरमहा बायकोच्या बँक खात्यात भरत जा, कशासाठी ते लिहा, आणि आपण न्यायालयात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊ की आमच्या हक्काला बाधा न येता ही रक्कम भरतोय. अशी भरलेली रक्कम थकबाकीतून वजा होते. मी हे सांगितलं नाही कारण मला सुचलंच नाही. माझं लक्ष तारखेवर होतं.

वसुलीचा भाग थोडक्यात आटोपते, तो तुम्हाला माहीत आहे आणि पक्षकारांना मात्र अजिबात नसतो. कलम १४४ खालची पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो. "एकदम सगळी मागू" म्हणून थांबलेल्या बायकांचे महिनेच्या महिने त्यात बुडालेत. न भरणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण तुरुंगात जाऊन आलं म्हणजे देणं फिटलं असं नाही. नोकरदार असेल तर पोटगीसाठी पगाराचा दोन तृतीयांशपर्यंत भाग जप्त होऊ शकतो. आणि परिस्थिती बदलली, नोकरी गेली, आजारपण आलं, तर रक्कम कमी-जास्त करून मागता येते. आदेश मोडून बसण्यापेक्षा तो अर्ज देणं केव्हाही बरं.

मुलांच्या भेटीचा आदेश. इथे माझी एक चूक सांगायची राहिली तर पत्र अप्रामाणिक होईल. काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात बापाला मुलीची भेट मिळावी म्हणून मी सहमतीचा मसुदा केला. "दर शनिवारी सकाळी ११ ते १, न्यायालयाच्या आवारात." दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, आदेश झाला, मी खूश. दुसऱ्या शनिवारी साडेबाराला बापाचा फोन. न्यायालयाचं फाटक बंद. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी न्यायालयाला सुट्टी असते, हे चोवीस तास या आवारात वावरणाऱ्या मला मसुदा लिहिताना आठवलं नव्हतं. आई मुलीला घेऊन आली, कुलूप बघितलं आणि आदेशात 'आवारात' लिहिलंय म्हणून परत गेली. आवाराबाहेर भेटवणं तिला तिच्या वकिलाने मना केलं होतं. बाप मात्र रसवंतीगृहाच्या सावलीत एक वाजेपर्यंत बसून राहिला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत स्केचपेनचा डबा. तो डबा त्याने मला ऑफिसात आणून दिला, तिच्यापर्यंत पोचवा म्हणून. 'दर शनिवारी' या दोन शब्दांची दुरुस्ती करून घ्यायला मला दोन महिने लागले, कारण तो अर्जही म्हणण्यावर ठेवला गेला.

अंतरिम आदेश असा रोज वापरला जाणारा कागद आहे. त्यात वेळ, जागा, सणवार, शाळेच्या सुट्ट्या, मुलाला ताप असेल तर काय, मुलाला आणणार कोण, हे सगळं लागतं. अंतिम निकालाचा मसुदा आपण चार वेळा वाचतो. अंतरिम आदेशाचा मात्र दिवसाचं कामकाज सुरू व्हायच्या आधी जिन्यात लिहितो.

मध्यस्थीबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते तुमच्यापैकी अनेकांना आवडणार नाही. मध्यस्थी चांगली. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात तडजोडीचा प्रयत्न हे न्यायालयाचं कर्तव्यच सांगितलंय आणि माझी काही उत्तम प्रकरणं समुपदेशकांच्या खोलीत मिटलीत. पण मध्यस्थी चालू आहे म्हणून अंतरिम पोटगीचा अर्ज थांबवून ठेवायचा, असं कुठे लिहिलंय? उपाशी बाई तडजोड करत नाही, ती शरण जाते. जिची फी थकलीय, जिच्या भावाने "किती दिवस राहणार आहेस" असं विचारायला सुरुवात केलीय, ती त्या खोलीत बसून जे मिळेल ते घेते, आणि आपण त्याला 'सेटलमेंट' म्हणतो. मध्यस्थीला पाठवताना निदान काही एक रक्कम दरमहा चालू राहील एवढा आदेश मागायला काय हरकत आहे? मागितला तर मिळतो, असा माझा अनुभव आहे. आपण मागत नाही.

आणि तीन-तीन केसेस. कलम २४ चा एक अर्ज, १४४ चा दुसरा, कौटुंबिक हिंसाचाराचा तिसरा, तिन्हीत पोटगी, आणि एकात दुसऱ्याचा उल्लेख नाही. कायदे वेगवेगळे आहेत, दारं वेगवेगळी उघडी आहेत, हे मान्य. पण आधीचा आदेश पुढच्या न्यायालयाला सांगायचा आणि रक्कम समायोजित करून घ्यायची, हेही रजनेशमध्येच आहे. लपवून मिळालेला तिसरा आदेश उच्च न्यायालयात टिकत नाही आणि मग पहिल्या दोन आदेशांवरही संशयाची सावली पडते. कलम २४ च्या अंतरिम आदेशावर साधं अपील चालत नाही, म्हणून मंडळी उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन जातात. ऑगस्ट २०२५ पासून आपल्यासाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आलंय. मुंबईच्या गाडीभाड्याचा खर्च वाचला, आनंद आहे. तो नवऱ्याचाही वाचला, म्हणजे स्थगिती मागायला जाणारे वाढतील. बायकोला मात्र आता उत्तर द्यायला सकाळी एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येता येईल, हा त्यातला जमेचा भाग.

एक छोटी गोष्ट राहिली. आदेश झाला की पेढे वाटायचं बंद करूया. त्या शिवणकामवालीचा भाऊ नोव्हेंबरात कोर्टाच्या पायरीवर पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "जिंकलो" म्हणाला. समोरचा नवरा जिन्यात डोकं धरून बसला होता, त्याला वाटलं केस हरली. दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं की हा आदेश प्रथमदर्शनी कागद बघून होतो, साक्षीपुरावा अजून झालेलाच नाही, आणि यातलं कोणतंही मत अंतिम निकालाला बांधत नाही. याचिका संपली की कलम २४ ची पोटगीही थांबते आणि कायमच्या पोटगीचा प्रश्न वेगळा उभा राहतो. पेढा मीही खाल्ला, नाही म्हणता आलं नाही.

तर मागणं एवढंच आहे. पुढचं वकीलपत्र घ्याल तेव्हा, अर्जदाराचं असो वा जाबदाराचं, पहिल्या भेटीतच शपथपत्राचा कागद पक्षकारापुढे ठेवा. नोकरदाराला नोकरदाराचा, शेतकऱ्याला शेतकऱ्याचा. तो भरल्याशिवाय अर्ज दाखल करायचा नाही आणि तो भरल्याशिवाय मुदतही मागायची नाही. बजावणी झाली त्या दिवशी रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, साठाव्या दिवसाची तारीख नमूद करून घ्या. साहेब नाही म्हणत नाहीत, मी गेल्या वर्षभरात सात वेळा मागितली, सातही वेळा लिहिली गेली. पाळली गेली तीनदाच. पण तारीख लिहिलेली असली की मुदत मागणाऱ्याला ती वाचून दाखवावी लागते, आणि तेवढ्याने दोघांनी अर्ज मागे घेतले.

शेतकऱ्याचा नमुना मी मराठीत टाइप करून घेतलाय, सात-बारा, फेरफार, ऊसबिल, दूधबिल, सोसायटीचं कर्ज असे आपल्याकडचे शब्द घालून. कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात निळ्या फाइलमध्ये मूळ प्रत ठेवलीय. सहा पानं आहेत, पानाला दोन रुपये. फिकी झाली की मला सांगा, नवी आणून ठेवीन.

तुमची,
बाररूममधल्या खिडकीजवळच्या टेबलावरची एक वकील